रऊफ सरांच्या छड्या

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी रऊफ सरांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या हातातली नवी छत्री मागितली. बाहेर जायचं असेल म्हणून मी दिली. त्यांनी ती मुठीकडून धरली, समोर रोखली, मनगटाला हलकेच दोन झटके दिले, एक डोळा मिटून टोकाकडे बघितलं आणि नाराजीनं परत केली.

"नाई म्हणते," ते म्हणाले.

"कोण?"

"छत्री. मान कडक हाय हिची. छडी कशी पाह्यजे बाई, आपण इकून हलकंच विचारलं का तिनं तिकून हो म्हणलं पाह्यजे."

हा माणूस एक तर कवी असावा नाहीतर वेडा, असं मला वाटलं. पुढे त्यांच्या शेजारीच खोली मिळाली, तेव्हा कळलं की दोन्ही अंदाज थोडे थोडे बरोबर होते. सर आमच्या शाळेत भूगोल शिकवत आणि उरलेल्या आयुष्यात मासे धरायच्या काठ्या जमवत. गळ, दोरा आणि तो गुंडाळायची चरखी लावलेल्या या काठीला आमच्या गावात छडी म्हणत. गाव चामोर्शीच्या अलीकडचं, वैनगंगा सायकलच्या टप्प्यात, आणि गावालाच लागून मोठा तलाव. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गावात नुकतेच फोन आले होते, पण रऊफ सर घरी आहेत की नाहीत हे कळायला फोन लागत नसे. त्यांच्या ओसरीवरच्या खुंट्या बघायच्या. एखादी खुंटी रिकामी असली की सर तलावावर.

खुंट्या म्हटलं, कारण छडी भिंतीला टेकवून ठेवणं हा सरांच्या लेखी गुन्हा होता. टेकवलेली काठी वाकते आणि वाकलेली काठी खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सगळ्या छड्या आडव्या टांगलेल्या. ओसरीवरच्या संपल्या की कोठीत, कोठीतल्या संपल्या की चुलीच्या वर, धूर लागून पक्क्या व्हाव्यात म्हणून. सलमाभाभी, म्हणजे सरांची बायको, स्वयंपाक करताना मान वर काढत नसत. काढली की छडी लागायची.

बांबूचा मुलूख असल्यामुळे सरांचं निम्मं सामान जंगलातलंच. त्यांना चालायचा तो मानवेल, आतून भरीव, बोटाएवढा. कटांग त्यांना आवडायचा नाही. "कटांग म्हंजे पुढारी," ते म्हणत. "मोठा, काटेरी आन् आतून पोकळ." बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यातच, नाहीतर भुंगा लागतो. मग तो सावलीत वाळवायचा, निखाऱ्यावर फिरवून सरळ करायचा, जवसाचं तेल पाजायचं. छडी घेतली, बनवली असं सर कधी म्हणत नसत. छडी मिळाली म्हणत, सोयरीक जुळल्यासारखं.

मनगटानं विचारायची ती सवय त्यांना कुठेही सोडत नसे. शाळेतला नकाशे दाखवायचा रूळ, लग्नातला मांडवाचा बांबू, शेजाऱ्यांच्या टीव्हीचा अँटेना, सगळ्यांची परीक्षा झालेली. एकदा गावातले एक म्हातारे गुरुजी वारले. सगळी शाळा गेली. बाया रडत होत्या, तिरडी बांधायचं चाललं होतं, आणि रऊफ सर एक बांबू हातात घेऊन गंभीर चेहऱ्यानं उभे. मला बरं वाटलं, म्हटलं निदान इथे तरी. तेवढ्यात मनगट हललं. दोनदा. मग ते माझ्याजवळ सरकले आणि कानाशी कुजबुजले, "बाई, अस्सल मानवेल हो. जाळून राह्यले हे लोक." मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला, तर पलीकडच्या दोघी-तिघी माझं दुःख बघून आणखीच मोठ्यानं रडायला लागल्या.

चरख्यांची गोष्ट मात्र न्यारी. छड्या जंगलात मिळतात, चरख्या मिळत नाहीत. आमच्या बाजूला बंगाली लोकांची गावं आहेत. तिथल्या एका मंडलबाबूंची आणि सरांची घट्ट दोस्ती होती. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, त्यामुळे भांडण होण्याचा प्रश्न नव्हता. मंडलबाबू कोलकात्याहून येताना फायबरची काठी आणत, सर त्यांना मानवेलाच्या देत. एकदा सर त्यांच्याकडे सायकलवर गेले आणि पायी परत आले. खांद्यावर एक हिरवी चमकणारी छडी होती. सायकल कुठे गेली हे भाभींनी विचारलं नाही, कारण दिसतच होतं.

पण सगळ्यात गाजली ती पितळी चरखी. भाभींचं माहेर घुग्घुसचं. तिथे सासुरवाडीला गेले असताना सरांना भंगारवाल्याकडे एक जुनी विलायती चरखी दिसली. जड, काळवंडलेली, पण मूठ फिरवली की आवाज येई तो भुंग्यासारखा, एकसारखा. सरांनी ती घेतली आणि घरी काय सांगायचं या काळजीनं परतीच्या एसटीत बसले. भाभी शिवणकाम करत. घरी येताच सरांनी पुडकं सोडलं आणि म्हणाले, "तुझ्या मशीनचा पार्ट हाय."

ही थाप पचली असती, पण भाभी हुशार. "मंग लावून द्या," त्या म्हणाल्या.

दुसरा कुणी असता तर कबूल करून मोकळा झाला असता. रऊफ सरांनी पूर्ण एक दिवस खपून ती चरखी शिलाई मशीनच्या टेबलाला बसवली. तिच्यावर दोऱ्याचं मोठं भेंडोळं गुंडाळलं. पाहिजे तेवढा दोरा ओढावा, जास्त आला तर मूठ फिरवून परत घ्यावा. भाभींना ती सोय इतकी पसंत पडली की मोहल्ल्यातल्या बाया बघायला आल्या. चामोर्शीच्या एका दुकानात तर चार-पाच जणींनी जाऊन विचारलं म्हणे, रऊफ सरांच्या घरी आहे तो पार्ट आहे का. आता सरांची पंचाईत. आयुष्यातली सर्वांत सुंदर चरखी घरात, आणि ती रोज झंपर शिवण्यात गुंतलेली. दर इतवारी सकाळी भाभींपुढे उभं राहून मागायची.

"सांजेले परत पाह्यजे," भाभी बजावत. "आन् धुवून. मागच्या खेपेला पाटलीणबाईच्या झंपरले मासोळीचा वास आला."

मग संध्याकाळी सर ओसरीवर बसून चरखी उघडत. एकेक भाग रॉकेलमध्ये धुवायचा, जुन्या बनियननं पुसायचा, मशीनच्या तेलाचे थेंब सोडायचे, पुन्हा जुळवायचं, मग कानाशी धरून फिरवायचं. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. स्वतः मात्र बोलत असत. चरखीशी, तंगुसाच्या दोऱ्याशी, पाण्यावर तरंगत ठेवायच्या मोरपिसाच्या काडीशी, आणि ऐकायला कुणी नसलं तर माझ्याशी. घरात हे दोघं नवरा-बायको हिंदीत बोलत आणि भांडण मराठीत करत. मला वाटतं, शेजाऱ्यांनाही कळावं एवढा त्यांचा मनाचा मोठेपणा होता.

आता तपासणीची गोष्ट. त्या सुमारास मुलांना मारायचं नाही असा आदेश निघाला होता. वरून एक साहेब तपासणीला आले. तिकडे पश्चिमेकडचे, नवे, कडक इस्त्रीचे. ते माझ्या वर्गात आले आणि मागच्या बाकावरच्या गजूला उभं करून त्यांनी प्रेमानं विचारलं, "बाळा, इथले सर मारतात का रे?"

गजू खरं बोलणारा पोरगा. म्हणाला, "रऊफ सर मारते जी."

वर्गात कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे मासे मारणं म्हणजे मासे धरणं, आणि रऊफ सरांच्या बाबतीत नुसतं मारते म्हटलं तरी काय ते शेंबड्या पोरालाही कळायचं. साहेबांना कसं कळावं?

"केव्हा मारतात?"

"दर इतवारी."

"रविवारी? रविवारी शाळा असते?"

"शाळेत नाई जी. तलावावर."

"तलावावर नेऊन मारतात? कशानं?"

"छडीनं," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. रऊफ सरांचा विषय निघाला की पोरांना फार उत्साह.

"एकच छडी आहे?"

"कोठीभर हायत जी! लहान्याले लहान, मोठ्याले मोठी."

"म्हणजे लहानांनासुद्धा...?"

"नाई जी," गजू सरांची बाजू घेत म्हणाला, "लहान्याले सोडून देते. म्हणते, जा, मोठा हो, मंग ये."

"आणि मोठ्यांना?"

"मोठ्याले घरी नेते. भाभी तिखटमीठ लावते."

साहेब उठून उभे राहिले. मी सांगायला तोंड उघडलं, पण शपथेवर सांगते, हसू इतकं दाटलं होतं की तोंडातून फक्त चमत्कारिक आवाज निघाला. साहेबांना वाटलं बाईसुद्धा दहशतीखाली आहेत. ते तरातरा शेजारच्या वर्गात गेले, मी मागोमाग. रऊफ सर फळ्यावर नद्या काढत होते.

"तुमच्या घरी छड्या आहेत असं कळतं," साहेब म्हणाले.

सरांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही साहेबानं हे विचारलं नव्हतं. "हायत ना साहेब!" ते म्हणाले. "पाहाले येता का? आत्ता येता?"

साहेब, मुख्याध्यापक आणि मी, अशी आमची वरात सरांच्या घरी गेली. ओसरी बघून काय घोटाळा झाला ते साहेबांना लगेच कळलं. कान लाल झाले. पण माघार घेईल तो साहेब कसला? आणि सर तर त्यांना सोडायलाच तयार नव्हते. ही मानवेलाची, ही वेताची, ही मंडलबाबूची, हिचं टोक बदललं, हिच्या कड्या छत्रीच्या तारेच्या. साहेबांच्या हातात एक छडी देऊन सर म्हणाले, "विचारा तिले."

"काय विचारू?" साहेब ओरडले. "हा काय पोरखेळ आहे? शाळेच्या मुलांना या नादाला लावता? भामरागडला पाठवलं की उतरेल सगळं!"

आमच्या जिल्ह्यात हा शब्द उच्चारला की मास्तर लोक पाय धरतात. भामरागड म्हणजे जंगलाचं टोक. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की रस्ताच बंद. टपाल नाही, भाजी नाही, माणूस नाही. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. आतल्या खोलीत भाभींच्या हातून काहीतरी खाली पडलं.

रऊफ सर साहेबांच्या आणखी जवळ गेले. "खरंच पाठवता का साहेब?"

"म्हणजे?"

"तिथी संगम हाय. तीन नद्या एका जागी भेटतात. पंधरा वर्षं झाले, पोरायले फळ्यावर काढून दाखवून राह्यलो. पाह्यला नाई कधी."

साहेबांना वाटलं हा थट्टा करतोय. पण सरांनी तिथेच, ओसरीवर बसून, विनंतीचा अर्ज लिहायला कागद मागितला. जिथे जायला कुणी तयार होत नाही तिथे हा माणूस मागून जातोय म्हटल्यावर साहेब नरमले. चहा प्यायले. निघताना त्यांनी कुणी बघत नाही असं पाहून एका काठीला हळूच मनगटानं झटका दिला. मी बघत होते.

बदली मंजूर व्हायला काहीच वेळ लागला नाही. मे महिन्यात हुकूम आला. आणि सलमाभाभींनी भांडणं बंद केलं.

हे फार वाईट लक्षण होतं. शेजारी आठ-दहा दिवस इतकी शांतता की मला झोप लागेना. भाभींचं चुकत नव्हतं. मुलगी चंद्रपूरला दिलेली. इथून दर महिन्याला भेट व्हायची, तिकडून पावसाचे चार महिने तोंड दिसणार नव्हतं. मशीनवर शिवायला कोणाचं कापड येणार होतं? जंगलातल्या त्या गावात त्यांची भाषा कळणारी तरी कोण होती? सर मात्र एकदा ओसरीच्या पायरीवर बसले आणि पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलले.

"बाई, या तलावातल्या मासोळ्या मले आता ओळखतात. नोकरीची थोडी वर्षं राह्यली. एक डाव त्या संगमावर बसावं, एवढंच मनात हाय. पन तिले सोडून नाई जात मी. सोमवारपर्यंत ती हो नाई म्हणली, तर साहेबाचे पाय धरतो आन् ऑर्डर रद्द करून घेतो."

"आणि मग?"

"मंग काय. फळ्यावरच्या नद्या."

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. मी भाभींकडे रदबदली करायला गेले. त्या मशीनवर बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत, एक वाक्य बोलल्या, "सांगा तुमच्या सरले, येतो म्हणा. पन छड्या दोनच जातील. आन् त्या मी निवडन."

सरांना हे सांगितलं तेव्हा ते आधी नाचले आणि मग मटकन खाली बसले. दोनच? आणि कुठल्या? गावात दुसरी चर्चा उरली नाही. चहाच्या टपरीवर पैजा लागल्या. कुणी म्हणे भाभी मुद्दाम मोडक्या निवडतील. कुणी म्हणे केरसुणीच्या दोन काड्या देतील. सर रोज एखादी छडी पुसून भाभींच्या नजरेला पडेल अशी टांगून ठेवत, आणि भाभी ती बाजूला सारून भांडी घासत.

निघायच्या आदल्या दिवशी भाभी कंबर कसून कोठीत शिरल्या. सर दारात, मी सरांच्या मागे. भाभींनी पहिल्या छडीकडे बघितलंही नाही. "हे नाई. हिची चरखी करकर करते, मी रोज ऐकतो. हे पन नाई, हे धुतल्यावर तीन दिवस ओलीच राहाते. हे मंडलबाबूची, दिसाले चांगली, पन एकदा तुम्ही तिले घेऊन गेले का रिकाम्या हातानं येता. प्रत्येक खेपेला."

सरांचं तोंड उघडं पडलं. "तुले कसं माहीत?"

"मसाला मले वाटा लागते का तुम्हाले?"

मग त्यांनी एक लांब, धुरानं काळी झालेली मानवेलाची छडी खाली काढली. सरांचा जीव तिच्यातच होता, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. "हे तुमची," भाभी म्हणाल्या. मग बराच वेळ शोधाशोध करून एक आखूड, हलकी छडी काढली, तिला मशीनवरची पितळी चरखी सोडवून बांधली आणि दोन्ही एका जुन्या चादरीत गुंडाळल्या.

"हे कोनाची?" सरांनी विचारलं. "मले आखूड नाई चालत."

"तुमची कोन म्हणते? माही हाय." भाभी गाठ मारत होत्या. "तिथी रस्ता बंद. पोरगी नाई, शेजारीण नाई. तुम्ही दिवसभर नदीशी बोलाल आन् मी काय भिंतीशी बोलू? मी पन बसन."

सर चष्मा काढून बनियनच्या टोकानं पुसत राहिले. मीही तिथून सटकले, कारण मला रडू येत होतं आणि मघापासून हसूही.

बाकीच्या छड्या सरांनी पोरांना वाटल्या. गजूला मंडलबाबूची मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळीपिवळी जीप दारात आली. सामान टपावर चढलं. शिलाई मशीन मागे, भांड्यांची गोणी पायाशी. चादरीतलं पुडकं भाभींच्या मांडीवर आडवं, ते दोन्ही खिडक्यांतून बाहेर आलेलं, त्यामुळे ड्रायव्हर आधीच वैतागलेला. सगळी शाळा जमली होती. सर खिडकीतून अर्धे बाहेर येऊन पोरांना सांगत होते, टेकवून ठेवू नका, ओला दोरा गुंडाळू नका, पावसात चरखीले जंग लागते. मग आत वळून त्यांनी भाभींना सांगायला सुरुवात केली. मूठ अशी धरायची, मनगट सैल पाह्यजे, काडी बुडाली का झटका नाई द्यायचा, पयले विचारायचं, मंग... जीप सुरू झाली तरी चालूच. आम्ही हात हलवतोय आणि सरांचं लक्ष नाही.

जीप वळणाला थोडी थांबली, समोरून बैलगाडी येत होती. तेव्हा भाभींचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू आला.

"अजी, आता गप बसा न. मासा पळते."

नदी अजून दिवसभराच्या वाटेवर होती. पण सर खरंच गप्प बसले. मांडीवर हात ठेवून, समोर बघत, भाभींच्या शेजारी सरळ बसलेले. जीप आलापल्ली-भामरागडच्या रस्त्याला वळून दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते, ते एकदाही बोलले नाहीत.